तिघांचा एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो

...नाही, मी काय म्हणतो, सहा आठवडे? तीन पोरांचा एक फोटो निवडायला सहा आठवडे? अहो, सहा आठवड्यांत मी तुम्हाला बारा मजली इमारतीची अख्खी लिफ्ट बसवून देतो, दोर, मोटर, दारं, बटणं, आणि वर केस विंचरायला आरसा लावून देतो, कामच आहे ते माझं, वीस वर्षं लिफ्टच करतोय. पण हा फोटो... फोटोच तर निवडायचा होता हो! कुणाचं लग्न जमवायचं नव्हतं, कोर्टात निकाल लावायचा नव्हता. फोटोच तर निवडायचा होता.

झालं काय, तुम्हाला सांगतो. माझी मेहुणी, म्हणजे बायकोची धाकटी बहीण, तिच्याकडे आम्ही जेवायला गेलो. दारातून आत पाऊल टाकतोय तर समोरच्या भिंतीवर हा एवढा, आत आणायला दार काढावं लागलं असेल एवढा, तिच्या दोन मुलांचा फोटो. ब्लॅक अँड व्हाइट. आणि कागदावर नाही, काचेतही नाही, कापडावर छापलेला. कॅनव्हास म्हणतात. लाकडाच्या चौकटीवर ताणून बसवतात, चित्रकारांचा असतो ना, तसा. मुलं हसतायत, केस उडतायत, मागे नुसतं आभाळ. आता ती मुलं मी ओळखतो. त्यातल्या मोठ्याने माझ्या चपला पाण्याच्या टाकीत टाकल्या होत्या. पण त्या फोटोत असा चेहरा, की वाटावं याने आयुष्यात कधी आवाजसुद्धा चढवला नसेल. बायको जेवताना गप्प. परत येताना गप्प. घरी आली, पर्स ठेवली, सोफ्याच्या वरची रिकामी भिंत बघत उभी राहिली आणि म्हणाली, "थोरला दोन महिन्यांनी होस्टेलला जाणार. त्याच्या आधी मला तिघांचा एक फोटो हवाय. तसाच."

मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच? रविवारी निवडू, सोमवारी देऊ, शुक्रवारी भिंतीवर. माणूस किती भोळा असावा त्याला काही हद्द?

आता तिघं म्हणजे कोण, ते सांगून ठेवतो, नाहीतर पुढे घोळ होईल. थोरला अठरा वर्षांचा, ओठांवर मिशीची नुसती शंका आलेली आणि तेवढ्यावर रोज अर्धा तास आरशासमोर. धाकटा सात वर्षांचा, समोरचे दोन दात पडलेले, जागच्या जागी उभं राहणं त्याला जन्मात जमलेलं नाही. आणि या दोघांच्या मध्ये मुलगी, तेरा वर्षांची. तिला आम्ही मधलीच म्हणतो. तिचं काही सांगण्यासारखं नाही... म्हणजे असं मला वाटायचं. पोरगी त्रासच देत नाही. आज वरण-भात करू? चालेल. दादाचं दप्तर तूच वापर या वर्षी, चालेल? चालेल. तुझ्या खोलीत धाकट्याचा पलंग टाकतोय. चालेल. अशी मुलगी घरात असली की आईबाप काय करतात, सांगू? बाकीच्या दोघांकडे बघतात.

असो. तर आधी मी दुकानात चौकशीला गेलो. तिथे एक प्रिंटवाल्या बाई बसतात. चष्मा डोक्यावर, आवाज इतका हळू की आपणच गुन्हा केल्यासारखं पुढे वाकून ऐकावं लागतं. म्हणाल्या, "कसंय ना... रंग गेले... की माणूस उरतो." मी म्हटलं, बरं. म्हणाल्या, "डोळे बोलायला लागतात... ब्लॅक अँड व्हाइटमध्ये." मी म्हटलं, आमच्याकडे तोंडं आधीच बोलतात, डोळे गप्प राहिले तरी चालतील. हसल्या नाहीत. त्यांनी मला बजावलं की फोनमधला मूळ फोटो आणा, मेसेजवरून इकडून तिकडे फिरलेला आणू नका, तो बारीक झालेला असतो, मोठा केला की नाकाचे चौकोन होतात. हे मात्र उपयोगाचं सांगितलं त्यांनी, मी नाही कशाला म्हणू?

मग रविवारी बसलो. माझ्या फोनमध्ये चौदा हजार फोटो. चौदा हजार! मी म्हटलं, वा, आपण किती प्रेमळ बाप. उघडून बघतो तर अर्ध्याहून जास्त लिफ्टचे. गंजलेले दोर, जळालेल्या वायरी, कुठल्यातरी सोसायटीचा बंद पडलेला पंखा. मग वॉशिंग मशीनच्या मागचा नंबर. मग गाडी कुठे लावली ते लक्षात राहावं म्हणून खांबाचा फोटो, असे खांब निदान दोनशे. त्यातून पोरं शोधायची. त्यातून तिघं एकत्र शोधायची. बायकोचा फोन, थोरल्याचा फोन, सगळे उपसले, तिघं एका चौकटीत असलेले फोटो भरले एक्केचाळीस. बघता बघता रविवार संपला, आणि पुढचाही.

एक्केचाळीस म्हणजे काही थोडे नाहीत, असं तुम्ही म्हणाल. पण बायको दातांच्या दवाखान्यात कामाला आहे. ती फोटो बघते म्हणजे काय बघते? दात. "यात याचा खालचा दात वाकडा दिसतोय." अगं, अंगठ्याच्या नखाएवढा चेहरा आहे, त्यात तुला खालचा दात दिसला? "मला दिसतो." मग थोरला. त्याला स्वतःशिवाय फोटोत कुणी दिसतच नाही. यात माझे केस बसलेत, यात माझी मान जाड दिसते, यात मी लहान वाटतो. अरे, तू लहानच होतास तेव्हा. नाही, नको. सासूबाई फोनवरून बघत होत्या, त्यांचं प्रत्येक फोटोवर एकच मत, धाकटा वाळलाय. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस फोटोंत धाकटा वाळलेला. आणि आमचे वडील, आप्पा, आमच्याकडेच असतात, त्यांचं वेगळंच. त्यांना मी एक फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून दाखवला. त्यांनी फोन लांब धरला, जवळ धरला आणि शांतपणे म्हणाले की आमच्या वेळी रंग नव्हते म्हणून आम्ही असे काढले, तुम्हाला मिळालेत तर तुम्ही पुसताय. वर म्हणाले, गेलेल्या माणसांचे असतात असे, पोरांचे कशाला? बायको उठून स्वयंपाकघरात गेली आणि भांडी अशी काही घासायला लागली की शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

आणि मी मध्ये. अहो, फोटोच तर निवडायचा होता!

चौथ्या आठवड्यात एकमत झालं. जिन्यावरचा फोटो. आमच्याच इमारतीचा जिना, दुपारचं ऊन खिडकीतून तिरपं आलेलं. धाकटा पायरीवर बसून पोट धरून हसतोय, थोरला त्याच्याकडे बघतोय आणि स्वतःच्या मिशीचा त्याला त्या क्षणी विसर पडलाय, आणि बाजूला मधली, कठड्याला टेकून, किंचित दमल्यासारखी. बायकोला दात पसंत. थोरल्याला मान पसंत. सासूबाई म्हणाल्या, यात त्यातल्या त्यात बरा दिसतोय. आप्पा म्हणाले, तुमचं घर, तुमची भिंत. मी मधलीला विचारलं. विचारलं, बरं का, मी काही हुकूमशहा नाही. ती वहीत काहीतरी लिहीत होती, मान वर करून बघितलं आणि म्हणाली, "चालेल."

मी विजयी मुद्रेने दुकानात. बाईंनी चष्मा डोक्यावरून नाकावर घेतला, फोटो मोठ्या स्क्रीनवर लावला, रंग काढले, आणि खरं सांगतो, मीही स्क्रीनजवळ खुर्ची ओढून बसलो. जिना असा दिसत होता की तिथेच मी रोज कचऱ्याची पिशवी घेऊन उतरतो यावर विश्वास बसेना. आणि मग बाईंनी चारी बाजूंनी चार लाल रेघा मारल्या. म्हणाल्या, "इथून पुढे... कापड मागे वळतं."

मी म्हटलं, म्हणजे?

म्हणजे असं, की कॅनव्हास चौकटीवर ताणायचा तर चारी बाजूंचं चार-चार बोटं कापड कडेवर दुमडावं लागतं. समोरून ते दिसत नाही. उजवीकडची लाल रेघ कुठून गेली होती, सांगू? माझ्या मुलीच्या डोळ्यांच्या मधून. अर्धं नाक आणि एक डोळा समोर, बाकीची पोरगी कडेवर.

बाईंना मी विचारलं, आता? तर त्याच हळू आवाजात, जसं काही साखर हवी का विचारतायत, "बाजूने येणाऱ्याला... दिसेल ना ती." आता तुम्हीच सांगा! आमचा सोफा भिंतीला, सोफ्याच्या उजवीकडे कपाट. बाजूने कोण येणार? पाल? मी म्हटलं, बाई, ही माझी मुलगी आहे, वहीची शिवण नाही. त्या जराही चिडल्या नाहीत. म्हणाल्या की मग कॉम्प्युटरवर तिला उचलून आत सरकवता येईल, किंवा काढूनही टाकता येईल, दोघांचाच फार छान दिसतोय. काढूनही टाकता येईल! मी फोन उचलला आणि पायऱ्या उतरलो. लिफ्ट होती, पण मी पायऱ्यांनी उतरलो, यावरून ओळखा मला किती राग आला असेल.

घरी येऊन म्हटलं, काही बिघडलं नाही, चाळीस आहेत अजून. मधली ज्यात कडेला नाही असा काढू. बसलो. पहिला, कडेला. दुसरा, कडेला. बागेतला, डाव्या कडेला. आप्पांच्या पंच्याहत्तरीचा, उजव्या कडेला, तोही निम्मा खांदा बाहेर. दहावा, विसावा... मी बायकोला हाक मारली. दोघं बसून बघायला लागलो. एक्केचाळीस फोटोंत पोरगी एकदाही मध्ये नाही. आणि नुसत्या दोन मुलांचे, थोरला आणि धाकटा, असे फोटो किती निघाले? तीनशेच्या वर. चांगले फोटो, बरं का, कुणी मन लावून काढलेले. आम्हाला आवडतात म्हणून आम्हीच सगळ्यांना पाठवलेले.

मी तिला बोलावलं. रागावलेलोच होतो मी, कुणावर ते ठरायचं होतं. म्हटलं, तू नेहमी अशी कडेला का उभी राहतेस गं, नीट मध्ये यायला काय होतं? आणि या बाकीच्यांत तू असतेस कुठे?

ती म्हणाली, "ते मीच काढलेत." मग म्हणाली, "आणि तिघांचे पण. फोन टेकवून टायमर लावायचा, दहा सेकंद मिळतात. पळत येईपर्यंत मधली जागा भरलेली असते."

तक्रार नव्हती हो तिच्या आवाजात, तीच तर पंचाईत. बस किती वाजता सुटते ते सांगावं तसं सांगितलं, आणि गेली परत वही लिहायला. बायको माझ्याकडे बघतेय, मी बायकोकडे. वीस वर्षं मी काय करतो? लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की आतल्या माणसाला बाहेर काढतो. आणि तो माणूस आतून ओरडतो म्हणून मला कळतं तो आत आहे. हिने तर आवाजच दिला नव्हता.

मग मात्र मी हट्टाला पेटलो. म्हटलं, जुना फोटो नकोच. नवीन काढायचा, मी काढणार, आणि मधली मध्ये बसणार. शनिवारी दुपारी गच्चीवर तिघांना नेलं. नेलं म्हणजे काय, थोरला आदल्याच दिवशी केस कापून आला होता, होस्टेलसाठी म्हणे, इतके कापून की कान आधी येतात आणि मग तो येतो. धाकट्याला बिस्किटाचं आमिष. मधलीला मी खुर्चीवर मध्ये बसवलं, हे दोघं दोन बाजूंना. आणि ती बसली अशी, की दातांच्या दवाखान्यातसुद्धा माणूस इतका ताठ बसत नसेल. हस म्हटलं तर ओठ ताणायची. हात कुठे ठेवू विचारते. मांडीवर ठेव. मांडीवर ठेवले तर ते दुसऱ्या कुणाचे वाटायला लागले. पोरीला कॅमेऱ्यासमोर बसायची सवयच नाही! आणि मी काढतोय एकामागून एक, एकात सगळ्यांचे पाय आहेत आणि डोकी नाहीत, एकात सगळं पांढरं, आणि प्रत्येकात डाव्या कोपऱ्यात गुलाबी ढग. तो ढग म्हणजे माझा अंगठा.

पंधरा मिनिटं तिने सोसलं. मग धाकट्याने खुर्ची हलवायला सुरुवात केली, थोरला कानांना हात लावून बघत होता, मी आणखी एक पाऊल मागे गेलो आणि कपडे वाळत घालायच्या तारेत माझी मान अडकली, आणि मधली एकदम कडाडली, "बाबा, फोन खाली धर! उजेड मागून येतोय, दिसत नाही का तुला? अंगठा काढ! दादा, कान सोड! आणि तू, हललास तर बघ!" एक हात माझ्याकडे रोखलेला, दुसऱ्याने धाकट्याची कॉलर धरलेली, तोंड हे एवढं उघडं. मी दचकलो. दचकताना माझं बोट दाबलं गेलं.

खाली येऊन बघितलं. तोच एक फोटो आला होता. मधली मध्ये, ओरडतेय, आणि दोन्ही भाऊ तिच्याकडे बघून असे हसतायत, मनापासून, की आयुष्यात त्यांचा असा फोटो नाही. रंग काढले मी. काय सांगू तुम्हाला... बाई म्हणत होत्या ते खोटं नव्हतं.

बायको म्हणाली, "अरे, हिच्या दाढा मोजता येतायत." आप्पा म्हणाले, हे ठीक आहे, ही जिवंत दिसतेय. आणि मधली? मी म्हटलं आता ती म्हणेल चालेल, आणि सुटलो. तिने फोन हातात घेतला, बघितलं आणि म्हणाली, "हा नको. हा भिंतीवर अजिबात लावायचा नाही. लोक येतात घरी." तेरा वर्षांत पहिल्यांदा पोरीने नको म्हटलं, आणि ते नेमकं कशाला म्हटलं बघा! ज्याच्यासाठी मी तारेत मान अडकवून घेतली त्याला. आता हिचं ऐकावं तर फोटो गेला, न ऐकावं तर बाप म्हणून मी गेलो. दोन दिवस घरात कुणी विषय काढेना. फोटोच तर निवडायचा होता हो... फक्त फोटो.

तिसऱ्या दिवशी चहा पिताना थोरला म्हणाला, "तो मला द्या. मी घेऊन जातो तिकडे."

सहा आठवडे ज्याला स्वतःच्या मानेशिवाय काही दिसलं नव्हतं, तो. ज्या फोटोत त्याचे कान बशीएवढे दिसतायत, तो. मी म्हटलं, तुला हा कशाला? तर कपात बघत म्हणाला, "ही रोज अशीच ओरडते ना. तिकडे कोण ओरडणारे मला?"

मधली बराच वेळ टेबलावरचा चहाचा डाग बोटाने पुसत होती, तो पुसून गेला तरी पुसत होती. मग म्हणाली, "बाबाचा अंगठा तरी काढायला सांगा." मी धावत दुकानात. बाईंनी लाल रेघा मारल्या, बघितलं, म्हणाल्या, "काढायला नको... तो कडेवर जातोय." आणि त्या हसल्या. हसल्या हो, पहिल्यांदा.

छापून आला. तीन फूट रुंद, दोन फूट उंच. थोरल्याला होस्टेलला पोचवायचा दिवस उजाडला. गाडी चालवणार बायको, कारण माझी मान अजून डावीकडे वळत नव्हती. डिकीत थोरल्याची गादी, बादली, पुस्तकं, टेबल-दिवा, झाकण दोरीने बांधलेलं. पुढे थोरला, मांडीवर बॅग. मागे एका दाराशी धाकटा, दुसऱ्या दाराशी मधली, आणि दोघांच्या मध्ये, चादरीत गुंडाळून, बेल्ट लावून, फोटो. आप्पा घरीच थांबणार होते, ते गॅलरीतून हात हलवतायत. मी मागचं दार उघडलं आणि उभा राहिलो. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. म्हटलं, फोटो जरा आडवा केला तर...

मधलीने काच खाली केली. म्हणाली, "बाबा, तू बसने ये ना. फोटो वाकेल."

गेलो बसने. चार तास, उभ्याने.